भाऊसाहेबांची अमझेऱ्याची लढाई

अमझेऱ्याची लढाई २९ नोव्हेंबर १७२८ रोजी झाली आणि त्याच दिवशी निकालात निघाली. चिमाजी आप्पा नर्मदा उतरून आले, माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडं झालं. हीच लढाई आमच्या लोहारद्यात भाऊसाहेबांच्या पडवीत कित्येक वर्षं चालू आहे. आजची स्थिती अशी : मराठ्यांच्या बाजूला घोड्याचा पुढचा उजवा पाय तयार आहे. मोगलांच्या बाजूला अजून कोणी आलेलं नाही.

रणभूमीचा नकाशा मात्र पूर्ण आहे. भाऊसाहेब आयुष्यभर पटवारी होते, त्यामुळे नकाशात ओढा, टेकाड, बांध, सगळं मापात आलं आहे. सुभेदार नेमका कुणाच्या बांधावर पडला, एवढं दाखवायचं राहिलं आहे. त्या नकाशावर बोटाच्या दोन पेरांएवढे मावळे, घोडे, उंट, तोफा मांडून चिमाजी आप्पांची आणि उदाजी पवारांची फौज उभी करायची आणि ती दिवाळीच्या किल्ल्याशेजारी ठेवून लोहारद्याच्या पोरांना दाखवायची, असा बेत आहे. आमच्याकडे दिवाळीचा किल्ला करणारी घरं तशीही मोजकीच. लोहारदा देवास जिल्ह्याच्या दक्षिणेचं, नर्मदेच्या अंगाचं गाव. इथे मराठी ऐकायची तर कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसावं लागतं. आपले पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आले, असं भाऊसाहेब सांगतात. माळव्यातलं प्रत्येक मराठी घर हेच सांगतं. सगळ्यांचं खरं धरलं, तर उदाजी पवारांच्या फौजेत लढणारे थोडे आणि हिशेब लिहिणारे फार होते, असं मानावं लागेल.

भाऊसाहेब एकटे नाहीत. प्रत्येक गावात असा एक जण असतो. कुणी कॅमेऱ्याची भिंगं गोळा करतो आणि फोटो काढत नाही. कुणी बागेसाठी खताचे प्रकार अभ्यासतो आणि कुंडीत तुळसच असते. ह्या लोकांना आळशी म्हणणं सर्वस्वी चूक. भाऊसाहेब पहाटे उठतात, कानाला पेन्सिल लावतात आणि रात्री दिवा जाईपर्यंत काहीतरी भिजवत, मळत, चाळत, तापवत असतात. त्यांच्या नखांवरून त्या आठवड्यात कोणत्या साहित्याची पाळी आहे ते कळतं. फक्त त्या सगळ्या उद्योगातून मावळा निघत नाही. निघतं ते कारण. मावळा का मोडला ह्याचं कारण. आणि ते दर वेळी बरोबर असतं.

सुरुवात घरच्या मातीपासून झाली. आमच्याकडे काळी माती इतकी, की पावसाळ्यात चपला तिच्यात ठेवूनच घरी यावं लागतं. भाऊसाहेबांनी तिचा पहिला मावळा केला तेव्हा मी समोर होतो. ओला असताना काय रुबाब! छाती पुढे, मिशीला पीळ. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर मावळ्याचे तीन तुकडे आणि भाऊसाहेबांचा चेहरा उजळलेला.

"ये, ये. बघ, म्हटलं नव्हतं?"

ते काहीच म्हणाले नव्हते. पण आता म्हणाले. काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ह्याच करणीमुळे. "शेताला भेग परवडते," भाऊसाहेब म्हणाले, "शेताला कंबर नसते."

मग भुरी माती आणली. ती आकसत नाही, पण तिच्यात बारीक वाळू असते. विलायतेत खेळण्यातल्या शिपायांचं जे रूढ माप आहे, ५४ मिलिमीटरचं, तेच भाऊसाहेबांनी धरलं आहे. ह्या मापात मावळ्याचं अख्खं तोंड सातेक मिलिमीटरचं होतं आणि नाक दोनाच्या आत. तिथे वाळूचा एक कण गालावर आला, की सरदाराला चामखीळ होते. दोन आले तर देवीचे व्रण. म्हणून भाऊसाहेबांनी माती पाण्यात कालवली, जाड कण तळाशी बसू दिले, वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळलं आणि जे मागे राहिलं ते सावलीत सुकवलं. वस्त्रगाळ माती! लोण्यासारखी मऊ. तिची वळी करून बोटाभोवती गुंडाळली तरी तडा जात नाही. माती चिवट आहे की नाही हे बघायची ही कुंभारांची परीक्षा. फडकं कोणतं होतं ह्याची चौकशी नंतर झाली. त्या पाडव्याला श्रीखंडाला किंचित वळवाच्या पावसाचा वास येत होता, तेव्हा.

वस्त्रगाळ मातीचा मावळा उभा राहीना म्हणून आतून तारेचा सांगाडा घालायचं ठरलं. तारेची अडचण नव्हती. आमच्या भागात पंपाच्या मोटारी जळतात आणि वायंडिंगवाल्याच्या दुकानात तांब्याच्या तारेचा ढीग पडलेला असतो. सांगाडा सुरेख झाला. त्यावर माती चढली, मिशी आली, पगडी आली. आणि वाळता वाळता दंडावर, मांडीवर, गळ्यावर गोल गोल भेगा. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. मग आतून तार अडवते आणि बाहेरून माती फाटते. ह्यावर उपाय म्हणून कुंभार मातीत काहीतरी तंतुमय मिसळतात : भुसा, कापूस, घोड्याची लीद. भाऊसाहेबांनी लीद निवडली. लोहारद्यात घोडा म्हणजे वरातीची घोडी. तेव्हा लग्नसराईत एक सेवानिवृत्त पटवारी पिशवी घेऊन वरातीच्या मागून, बँडपासून अंतर राखून चालताना लोकांनी पाहिला. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे आहेत, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. त्यामुळे जेवायचा आग्रह दोन्हीकडून झाला.

निवडीला इतका वेळ लागतो ह्याबद्दल मी एकदा छेडलं, तर त्यांनी देवासचा दाखला दिला. देवासला एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती; एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार. "जिथे राजा एक ठरला नाही, तिथे माती एक ठरायची घाई कशाला?" ह्यावर उत्तर असेल तर ते मला सुचलं नाही.

शाडूचं प्रकरण पुण्याच्या भाच्यामुळे उपटलं. त्याने पोतंच पाठवलं. ह्याच मातीत पेणचे गणपती होतात, अशी चिठ्ठी सोबत. भाऊसाहेबांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि मूळ शोधायला लागले. शाडू पेणला निघत नाही, तो तिथे गुजरातेतून येतो, हे कळल्यावर त्यांना मनस्वी राग आला. गुजरात आम्हाला पुण्यापेक्षा जवळ. म्हणजे ही माती पुण्याचा वळसा घालून, हमाली आणि भाडं खाऊन आली होती.

राग ओसरल्यावर मावळा झाला. मी पाहिलेल्यांत तो सर्वांत देखणा. शाडूत बारकावे फार छान उतरतात. पागोट्याचे पीळ मोजता येत होते. पण शाडू भाजत नाहीत, आणि वाळला की ठिसूळ होतो. मी कौतुकाने बोट लावलं आणि तलवार माझ्या बोटाबरोबर आली.

"तुझी चूक नाही," भाऊसाहेब लगेच म्हणाले. त्यांना कारण सापडलं होतं. "गणपतीला शाडू सोयीचा. पोट मोठं, हात अंगाशी, पाय मांडी घालून, आणि दीड दिवसात विसर्जन. माझ्या माणसाचा हात वर आहे, हातात तलवार आहे, आणि ह्याला वर्षभर उभं राहायचंय."

इतकं नेमकं बोलणारा माणूस मूर्तिकार का नाही, असा प्रश्न पडतो. धारला जाऊन आल्यावर मला तो पडेनासा झाला. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके, मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा करणारे, पुढे धारला येऊन राहिले. त्यांच्या कामासाठी त्यांना १९६१ साली पद्मश्री मिळाली. धारला त्यांचा स्टुडिओ आहे. भाऊसाहेबांबरोबर मी तिथे गेलो. इतर लोक पुतळ्यांच्या समोर उभे राहून चेहरे बघत होते. भाऊसाहेब एकेका पुतळ्याच्या मागे गेले. साच्याचा सांधा कुठे आलाय, प्लॅस्टर किती जाड आहे, घासलंय कशाने, हे वाकून वाकून पाहिलं. दोन तासांनी बाहेर आल्यावर मी विचारलं, "कोणता चेहरा आवडला?" ते गोंधळले. चेहरे बघायचे राहिलेच होते.

तिथून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं पर्व सुरू झालं. ह्या पर्वाला भाऊसाहेबांनी मोठ्या घराण्याचे दाखले जोडले. गणपतराव म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी ही मूर्ती मुळात प्लॅस्टरचीच, आणि तीही विद्यार्थिदशेत केलेली. सासवण्याच्या मूर्तिकार करमरकरांनी तर सिमेंटलासुद्धा कमीपणा मानला नाही. प्लॅस्टर म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं पाणी उडवलेली भुकटी. तिला पुन्हा पाणी दाखवलं की ते शोषून ती काही मिनिटांत दगड होते आणि होताना गरम होते. पाण्यावर भुकटी भुरभुरायची, भुकटीवर पाणी ओतायचं नाही. चिमूटभर मीठ घातलं तर लवकर आवळतं, व्हिनेगरने उशिरा. एवढं सगळं भाऊसाहेबांनी मला घमेल्यापुढे उभं राहून, हातात पळी धरून, सविस्तर समजावून सांगितलं. समजावून झालं तेव्हा पळी घमेल्यातून निघेना. वहिनींनी ते घमेलं पळीसकट तुळशीपाशी ठेवलं आहे. येणारे-जाणारे शिवलिंग समजून त्यावर फूल ठेवून जातात.

मेणाचं सांगतो. सातपुडा-विंध्याच्या जंगलपट्ट्यातून मोहोळाचं मेण गावात येतं, म्हणून त्याची बारी आली. मेणाला वाळवणं नको, भाजणं नको, चुकलं तर कोमट करून पुन्हा घडवता येतं, तंतूएवढी मिशी निघते. भाऊसाहेब खूश होते. पण ही खुशी माघ महिन्यातली होती. मधमाश्यांचं मेण वितळायला बासष्ट-चौसष्ट अंश लागतात, हे पुस्तकी ज्ञान. नरम व्हायला ते तेवढं थांबत नाही. वैशाखात पडवीतला पारा चाळिसापुढे गेला. मावळा बारा वाजता ताठ होता. दोनला त्याने मुजरा केला. चारच्या सुमाराला साष्टांग घातला. समोर मोगल उभे नव्हते, म्हणून मराठेशाहीची अब्रू राहिली.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी, ती आधी मेणाचीच केली असणार ना? साडेदहा सेंटिमीटरची. तुमच्या मावळ्याच्या दुप्पट. टिकली की."

"तिला मेणात घडवून लगेच साच्यात घातली आणि वरून धातू ओतला. मेण पळालं, मुलगी राहिली. उन्हाळ्यापर्यंत कोणी ठेवून दिली नव्हती," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्यांच्याकडे भट्टी होती." त्या रात्री पडवीत भट्टीची मापं लिहिली गेली. वहिनींनी गॅस सिलिंडर माजघरात हलवला.

बुधणीच्या खेळण्यांच्या लाकडाबद्दल, कागदाच्या लगद्यात मेथीची पूड घालण्याबद्दल, आंघोळीच्या साबणात कोरलेल्या आणि पहिल्या आंघोळीला कामी आलेल्या घोडेस्वाराबद्दल लिहिण्यासारखं आहे, पण घोड्याच्या पायाशी लवकर यायला हवं.

तो पाय एम-सीलचा आहे. त्यामागे कोणतीही निवड नव्हती. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, दुरुस्तीला माणूस आला, त्याने एम-सीलच्या दोन गोळ्या एकत्र मळून नळाला लावल्या आणि उरलेला गोळा भाऊसाहेबांच्या हातात देऊन बिलाच्या गोष्टी काढल्या. भाऊसाहेबांचं सगळं लक्ष बिलात. रक्कम कमी करून घेता घेता हात आपला चाळा करत होता. घासाघीस मिटली तेव्हा ओट्यावरच्या पालथ्या वाटीवर एक पाय उभा होता. गुडघ्यात वाकलेला, खूर उचललेला, पोटरीचा स्नायू ताणलेला. नळवाल्यालाही घोडा दिसला. "दादा, बाकी का भी बना दो," तो म्हणाला.

बाकीचा कसा होणार? भाऊसाहेबांना आता एम-सील कळलं होतं. इपॉक्सी, दोन भागांतलं रसायन, पाणी उडून वाळत नाही, रसायनाने घट्ट होतं, म्हणून आकसत नाही आणि आतल्या तारेशी भांडत नाही. थोडक्यात, इतकी वर्षं जे हवं होतं ते हेच. कोणीही दुसऱ्या दिवशी दुसरा पाय केला असता. भाऊसाहेबांनी वही उघडली. विलायतेतले छोट्या शिपायांचे कारागीर निळी आणि पिवळी अशा दोन कांड्यांची इपॉक्सी पुट्टी वापरतात, दोन्ही मळल्या की हिरवी होते. पिवळी जास्त घातली तर नरम आणि लवचिक राहते, निळी जास्त घातली तर कडक. मग एम-सीलच्या दोन गोळ्यांचं प्रमाण काय असावं? पायाला कडक, शेपटीला लवचिक, आयाळीला मधलं. इंदूरच्या सियागंजातून पाकिटं आली. प्रत्येक प्रमाणाची एक गोळी करून, तिच्यावर आकडा कोरून, त्या ओळीने मांडल्या गेल्या. फौजेच्या जागी सध्या त्या गोळ्याच आहेत. पोरं त्यांना तोफगोळे समजतात आणि भाऊसाहेब दुरुस्त करत नाहीत.

पाय वाटीवरून सुटला नाही. वहिनी ती वाटी मोजताना म्हणतात, "पाच आहेत, एक अमझेऱ्याला गेली."

वहिनी सोलापूरकडच्या. दिवाळीत त्या अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. शेजारच्या मालवी बायका गोवर्धन करतात, त्यालाही ह्यांचा हात लागतो. मी पाहतो ते असं : पहाटेचं शेण आलं, वहिनी बसल्या, आणि चहा उकळायच्या आत ताक घुसळणारी गवळण, डोक्यावर माठ घेतलेली गवळण, पेंद्या, गाई, गोठा, जातं, सगळं गोकुळ अंगणात. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, माठांवर झेंडूच्या पाकळ्या. ना सांगाडा ना चाळणी. भाऊसाहेब मागे हात बांधून त्याभोवती फिरतात.

"शेणात तंतू असतात. म्हणून तडे जात नाहीत."

"असतील," वहिनी म्हणतात. "उद्या उचलायच्याच आहेत."

भाऊसाहेबांना ह्या वाक्याचा त्रास होतो, हे मी पाहिलं आहे. त्यांचा मावळा टिकला पाहिजे. म्हणून मी एकदा त्यांच्या समाधानासाठी इनामगावची हकिकत सांगितली. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठचं हे गाव; डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. घराच्या जमिनीखाली मातीची एक पेटी सापडली, तिच्यात देवीची छोटी मूर्ती, बरोबर बैल. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलंसुद्धा नाही, आणि तीन हजारांहून अधिक वर्षं राहिलं. शिवाय इनामगावची सगळ्यांत जुनी वस्ती पुरातत्त्ववाले ज्या संस्कृतीची मानतात, तिचं नावच माळवा संस्कृती. म्हणजे मराठे इकडे येण्याच्या कितीतरी आधी इकडची मातीकामाची रीत तिकडे पोहोचली होती.

भाऊसाहेब सरसावून बसले. "कच्ची माती? लीद होती का तिच्यात?"

"ते ठाऊक नाही. पण एक आहे, त्या देवीला डोकं नाही. मुद्दामच बिनडोक्याची घडवलीय."

"मुद्दाम!" भाऊसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मुद्दाम कसली? वाळताना गेलं असणार. मानेला तार घातली होती का बघा म्हणावं." आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराबद्दल त्यांच्या तोंडावर जो आपलेपणा आला, तो माझ्याबद्दल कधी आलेला मी पाहिला नाही.

गेल्या दिवाळीत भाच्याने लढाई संपवायचा प्रयत्न केला. त्याच्या मित्राकडे छपाई करून वस्तू घडवणारं यंत्र आहे. त्याने संगणकावर मावळा रेखला आणि खोकंभर मावळे छापून पाठवले. मापात ५४ मिलिमीटर. तलवारी, ढाली, बाराबंदीच्या गाठी, सगळं जागच्या जागी. वहिनींनी खोकं उघडलं, पोरं जमली, नकाशा अंथरला. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या फौजेला उतरायला आता काही हरकत नव्हती.

भाऊसाहेबांनी एक मावळा उचलला. भिंग लावलं. "थर दिसतात," ते म्हणाले. मग त्यांनी तो नखाने दाबला, हुंगला, आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत जिभेला लावला.

"कशाचा आहे?"

भाच्याने फोनवर सांगितलं : रेझिन. पातळ असतं, अतिनील किरण पडले की घट्ट होतं. यंत्र थराथराने प्रकाश टाकतं. छापून झाल्यावरही थोडं चिकट राहतं, म्हणून धुऊन पुन्हा किरणांखाली ठेवतात, उन्हातही चालतं. आणि मामा, ओलं रेझिन जिभेला लावू नका.

ह्यातला शेवटचा भाग भाऊसाहेबांनी ऐकला नाही. ते पडवीच्या पायरीवर येऊन आभाळाकडे बघत होते.

"ऊन चालतं म्हणाला? मग यंत्र कशाला? हे पातळ असतानाच साच्यात घातलं तर? पुण्याचं ऊन ते काय ऊन. आपल्याकडे वैशाखात..." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "त्याला म्हणावं मावळे राहू दे, मला त्याची बाटली पाठव. लिटरभर. आणि हिला विचार, एखादी वाटी मिळेल का."

मी आत गेलो, तेव्हा वहिनी उरलेल्या पाच वाट्या कपाटात ठेवून कुलूप घालत होत्या.